चाक आणि आप्तवाक्य

पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत भिंतभर अलॉय व्हील टांगलेली दिसतात. काळी, चंदेरी, कडा लेथवर चमकावलेली, पाच स्पोकची, वीस स्पोकची. गिऱ्हाईक त्यांतले एखादे खाली काढायला लावते, हातात तोलते, कडेवरून बोट फिरवते आणि मग हमखास विचारते, "टिकतील ना?" दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते. पण गिऱ्हाइकाने तोवर जे जे पाहिले, त्यातल्या कशातही त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. रंग दिसतो, वजन हाताला कळते, घडण डोळ्यांत भरते. टिकाऊपणा मात्र कुठल्याच इंद्रियाला सापडत नाही. पुढल्या पावसाळ्यात महामार्गावर ताशी ऐंशीच्या वेगात पाण्याने भरलेला खड्डा चाकाखाली आला तर काय होईल, याबद्दलचे ते विधान असते. ते तपासायचा एकच सरळ मार्ग आहे : चाक त्या खड्ड्यात घालायचे. त्या परीक्षेनंतर ते चाक विकत घेण्याजोगे उरेलच असे नाही. इंद्रियांना न दिसणाऱ्या गोष्टीवर माणसाने भरवसा ठेवावा तो कशाच्या जोरावर, हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. भारतीय दर्शनांनी शतकानुशतके त्यावर वाद घातला, आणि त्या वादाला प्रमाणविचार म्हणतात. माझे म्हणणे असे की अलॉय व्हीलची निवड प्रत्यक्षाने होत नाही, अनुमानाने अर्धीच होते, आणि शेवटी ती शब्दप्रमाणावर, म्हणजे जाणत्याच्या सांगण्यावर, येऊन टेकते. तेव्हा चाक निरखण्यात घालवतो त्याहून जास्त वेळ चाकाबद्दल बोलणारा निरखण्यात घालवावा, आणि तो कसा निरखावा याची नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, घालून दिलेली रीत या बाजारातही चालते.

आधी चाकाच्या पोटात काय असते ते पाहू. बहुतेक अलॉय व्हील ओतीव असतात. ए ३५६ नावाचा मिश्रधातू, म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम. वितळलेला रस हलक्या दाबाने साच्यात खालून वर चढवतात. थिजताना तो आकसतो, आणि जिथे जागा भरायला रस वेळेवर पोचत नाही तिथे बारीक पोकळ्या राहतात, बहुधा स्पोक रिमला मिळतो त्या जाड भागात. रसात हायड्रोजन विरघळलेला असेल तर छिद्रांची आणखी भर. मग चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, झटकन पाण्यात बुडवतात आणि पुन्हा दीडशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. या प्रक्रियेला टी ६ म्हणतात. चाकाची बरीचशी ताकद तिथे येते. भट्टीचे तापमान चुकले किंवा पाण्यात बुडवायला उशीर झाला तर चाक दिसायला तेच राहते, आतून वेगळे होते. वरून रंग आणि लॅकर चढला की सगळी भावंडे सारखी दिसतात. म्हणूनच चांगला कारखाना आपली चाके एक्स-रेखाली धरतो. चाक बनवणाऱ्यालाही ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यात थकव्याची भर पडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखवले की एका झटक्यात मुळीच न मोडणारा धातू तेवढाच ताण लाखो वेळा सोसून मोडू शकतो. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते व्यवहारात कितीही फेरे सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्वच्छ मर्यादा नाही. ताण लहान असला तरी हिशेब चालूच राहतो, फक्त सावकाश. ज्या चाकाला आपण टिकाऊ म्हणतो, तेही पहिल्या दिवसापासून खर्च होत असते. अनित्यतेवर व्याख्यान देणाऱ्याला याहून नेमके उदाहरण शोधावे लागू नये.

यावर चार्वाक म्हणेल की मला एवढे खोलात जायचेच नाही. जे दिसते तेवढेच प्रमाण. चाक ठोकून पाहतो, वजन पाहतो, मागची बाजू पाहतो, झाले. आपल्याकडचा अनुभवी फिटर नेमके हेच करतो आणि त्याच्या बोटांत विद्या आहे हे कोणी नाकारू नये. मागच्या बाजूची ओबडधोबड ओतकामाची शिवण, हब बसायच्या भोकाची वेडीवाकडी कड, व्हॉल्व्हच्या भोकाभोवतीची खरवड, यांवरून तो बरेच काही ओळखतो. पण नीट पाहिले तर तो प्रत्यक्षावर थांबलेला नसतो. कड वेडीवाकडी दिसते हे प्रत्यक्ष; त्यावरून कारखाना निष्काळजी असावा हे अनुमान. टिचकी मारून कलिंगड निवडणाराही ऐकतो आवाज आणि ठरवतो चव. पुरंदर नावाच्या चार्वाकपंथीयाने व्यवहारातले अनुमान मान्य केले होते असे जुने टीकाकार नोंदवतात; परलोकाबद्दलचे अनुमान तेवढे त्याला नको होते. म्हणजे कट्टर इहवाद्यालाही गाडी चालवायची तर डोळ्यांच्या पलीकडे जावे लागते. राहता राहिला प्रश्न, ते अनुमान किती दूर नेते.

चाकांच्या प्रयोगशाळेत अनुमानाचे सगळ्यात नेटके रूप पाहायला मिळते. आयएसओ ७१४१ या मानकातली चाचणी अशी : टायर चढवून हवा भरलेले चाक तेरा अंश तिरके बसवतात आणि त्याच्या कडेवर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. वजन किती, तर चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पट अधिक १८० किलो. पाचशे किलोंचा भार सांगितलेल्या चाकावर म्हणजे ४८० किलोंचा ठोकळा पडतो. चाकाचा मधला भाग आरपार तडकला, रिमपासून सुटला किंवा मिनिटभरात टायरमधली सगळी हवा गेली तर चाक नापास. याशिवाय वळणावरचा वाकता ताण आणि रस्त्यावरचा सरळ भार लाखो फेऱ्यांनी देणाऱ्या थकव्याच्या चाचण्या असतात. यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली ही की चाक वाकले म्हणून ते नापास होत नाही. प्रमाणपत्र असलेले चाक खड्ड्यात वाकले की लोक फसवणूक झाली म्हणतात. ते वाकणार नाही असे कोणी म्हटलेलेच नव्हते, ते तुटून हवा सोडणार नाही एवढेच म्हटले होते. वाकणारे चाक गाडीला थरथर देऊन आधी कळवते तरी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या चाकावर ठोकळा पडला ते विकायला येत नाही आणि जे विकायला येते त्याच्यावर ठोकळा पडलेला नसतो. चाचणी झालेल्या चाकावरून न झालेल्या चाकाबद्दल बोलायचे तर दोघांत व्याप्ती हवी, म्हणजे त्याच जातीचे प्रत्येक चाक तसेच वागेल असा अव्यभिचारी संबंध हवा. तो संबंध पक्का राहतो तो कारखान्यातल्या शिस्तीमुळे, आणि ती शिस्त आपण पाहिलेली नाही.

नैयायिकांनी व्याप्तीच्या या कमकुवत जागेला उपाधी म्हटले आहे. अग्नीवरून धुराचे अनुमान करणारा फसतो, कारण धूर अग्नीमुळे एकट्याने होत नाही, ओले इंधन लागते. ती लपलेली अट सुटली की अनुमान कोसळते. चाकांच्या इतिहासात याचे फार भयंकर उदाहरण आहे. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे या गावाजवळ ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने जाणारी आयसीई गाडी रुळांवरून उतरून पुलावर आदळली आणि १०१ माणसे मेली. तिच्या एका चाकाची पोलादी धाव थकव्याने तुटली होती. डबा थरथरू नये म्हणून धाव आणि चकती यांच्यामध्ये रबर घातलेली ही रचना शहरांतल्या ट्रामवर रुळलेली होती. ट्रामवर चालते म्हणून आगगाडीवर चालेल, हे अनुमान केले गेले. कमी वेग आणि हलका भार ही उपाधी हिशेबात राहिली नाही. भेग धावेच्या आतल्या बाजूने वाढली होती, जिथे तपासणाऱ्याची नजर सहज पोचत नाही. आपल्याकडच्या मोटारींच्या चाकांचीही उपाधी असते, आणि ती बहुतेक वेळा टायर असतो. १८५/६५ आर १५ टायरची बाजूची भिंत सुमारे १२० मिलिमीटर उंच असते; हौसेने २०५/४५ आर १७ चढवला तर गाडीची उंची जवळपास तीच राहते, पण ती भिंत ९२ वर येते. गुळगुळीत रस्त्यांच्या देशात वर्षानुवर्षे टिकलेले सतरा इंची चाक त्या अठ्ठावीस मिलिमीटर रबराच्या अभावी इथल्या एका पावसाळ्यात वाकते, आणि दोष धातूवर जातो.

अनुमानाचे बाजारी अवतार याहून पोकळ आहेत. "माझ्या मेव्हण्याच्या गाडीला हीच चाके आहेत, लाखभर किलोमीटर झाले" हा सर्वांत आवडता हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार. पण मेव्हण्याची गाडी कुठल्या रस्त्याने जाते, डिकीत काय भरते, हवा कितीदा तपासली जाते, हे त्या वाक्यात नसते. आणि ज्यांची चाके तडकली ते मेव्हणे लग्नकार्यात त्याचा विषय काढत नाहीत. किमतीवरून काढलेले अनुमानही सव्यभिचार, म्हणजे भटका हेतू आहे : महाग चाके चांगली असतात आणि वाईटही असतात. वजनाचेही तसेच. जड चाक मजबूत वाटते. पण वाईट ओतकामावर उतारा म्हणून जाडी वाढवलेलेही जडच असते. "फोर्ज्ड" हा शब्द घ्या. घडीव चाक, म्हणजे हजारो टनांच्या प्रेसखाली ठोकळा दाबून काढलेले, ओतीव चाकापेक्षा खरोखर चिवट असते, कारण दाबाखाली धातूत पोकळ्या उरत नाहीत आणि त्याचे कण आकाराच्या दिशेने वळतात. पण दुकानात आपल्याला घडीवपणा दिसत नाही. "फोर्ज्ड" असे लिहिलेले स्टिकर दिसते. त्या क्षणी आपण अनुमान सोडून शब्दाकडे आलेलो असतो, आणि बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्दप्रमाणाची व्याख्या आप्ताचा उपदेश अशी केली आहे, आणि आप्त कोण ते वात्स्यायनाने भाष्यात उलगडले आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू असल्याचेही तो तिथेच सांगतो. मला हे वाक्य न्यायपरंपरेतल्या सर्वांत उदार वाक्यांपैकी एक वाटते. अधिकार जातीत नाही, पदवीत नाही, जाणण्यात आणि प्रामाणिकपणे सांगण्यात आहे. चाकांच्या बाजारात आपल्याला उपदेश करणारे बरेच आहेत. जपानच्या परिवहन खात्याने ठरवलेल्या मानकाचे जेडब्ल्यूएल चिन्ह चाकावर असते. पण ते उत्पादक स्वतः चाचणी करून स्वतःच लावतो. त्याच्या शेजारी व्हीआयए चिन्ह असेल तर त्रयस्थ संस्थेने चाक तपासून नोंदवलेले असते. दोन्ही चिन्हे एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच धातूत ओतलेली. पण पहिल्यात वक्ता आपल्याच मालाबद्दल बोलतो, दुसऱ्यात दुसरा कोणी त्याच्याबद्दल बोलतो. जर्मनीत बदली चाकाला फ्लेन्सबुर्गच्या केंद्रीय मोटार कार्यालयाचा मान्यताक्रमांक असतो आणि सोबतच्या कागदात ते चाक कोणत्या गाड्यांना कोणत्या अटींवर चालेल ते लिहिलेले असते. अमेरिकेत बदली चाकांसाठीचे एसएई जे २५३० हे मानक ऐच्छिक आहे. भारतात हलक्या धातूच्या चाकांसाठी आयएस १६१९२ आहे, २०२० साली केंद्र सरकारने चाकांच्या रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, आणि वाहनांच्या सुट्या भागांची एआयएस मानके पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते. गंमत अशी की शब्दप्रमाणाची सगळी परिभाषा जिथे एका जागी सापडते, तो भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' पुण्याच्याच भांडारकर संस्थेने पुन्हा छापला. दोन्ही संस्थांत फार अंतर नाही. त्यांच्या वाचकांत आहे.

इथे बौद्ध आणि वैशेषिक अडवतील. ते दोनच प्रमाणे मानतात, प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्द त्यांच्या मते अनुमानातच मोडतो. वक्ता विश्वासू आहे, विश्वासू वक्त्याचे बोलणे खरे असते, म्हणून हे खरे, एवढाच त्याचा सांगाडा. मग शब्दाला वेगळे सिंहासन कशाला? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो पूर्ण परतवायची मला गरज वाटत नाही. शब्द वेगळे प्रमाण असो वा अनुमानाची पोटशाखा, त्यात तपासायचा पक्ष बदलतो, हे दोन्ही बाजूंना मान्य करावे लागते. धुरावरून अग्नीचे अनुमान करणारा डोंगराकडे पाहतो. प्रमाणपत्रावरून चाकाचे अनुमान करणाऱ्याला प्रमाणपत्र देणाऱ्याकडे पाहावे लागते. आपले खरेदीदार नेमके याच ठिकाणी चुकतात. ते शिक्क्याचे अक्षर तपासतात, शिक्का मारणाऱ्याला नाही.

वक्ता कोणत्या वाटांनी खोटा पडतो, याचीही यादी परंपरेने करून ठेवली आहे : भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव. म्हणजे गैरसमज, गाफीलपणा, फसवायची इच्छा आणि साधनांची दुबळाई. बाजारात आपण तिसऱ्या दोषालाच घाबरतो, आणि नकली शिक्क्यांमुळे ती भीती खोटीही नाही; साच्यात चार अक्षरे कोरायला फारसे काही लागत नाही. प्रसिद्ध कंपनीच्या नक्षीची हुबेहूब नक्कल, जिला दुकानात सरळ "रेप्लिका" म्हणतात, ती तर उघडपणे सांगते की मी दुसऱ्याचे रूप घेतले आहे. दुसऱ्याचा चेहरा लावणाऱ्याने शिक्का तेवढा स्वतःचा आणि खरा लावला असेल, ही अपेक्षा जरा भाबडी आहे. तरी बाकीचे तीन दोष दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. एक्स-रे यंत्रच नसलेला प्रामाणिक कारखानदार करणापाटवाचा बळी असतो. त्याची इच्छा शुद्ध असते आणि चाक पोकळ. ज्या पाळीत भट्टीचा तापमापक बिघडला त्या पाळीची चाके प्रमादाची. आणि भ्रम सर्वांत सभ्य वेषात येतो : चाक उत्तम, चाचणी खरी, पण कमाल भार चार माणसांच्या छोट्या गाडीचा धरलेला, आणि बसवले सात माणसे व टपावर सामान वाहणाऱ्या गाडीला. इथे कोणी खोटे बोललेले नाही. कमाल भाराचा आकडा चाकाच्या मागे ओतलेला असतो आणि तो गाडीच्या त्या आसावरील कमाल भाराच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. पण दुकानात तो वाचून दाखवल्याचे सहसा ऐकू येत नाही.

मग आप्ताला ओळखायचे कसे? न्यायसूत्रे शब्दाचे दोन प्रकार करतात. ज्याचा अर्थ इथेच पडताळता येतो तो दृष्टार्थ, ज्याचा येत नाही तो अदृष्टार्थ. वेदाचे प्रामाण्य सिद्ध करताना सूत्रकार आयुर्वेदाचा दाखला देतो : औषधाबद्दलचे सांगणे रोग्यावर पडताळता येते, तिथे सांगणारा खरा उतरतो, म्हणून जिथे पडताळता येत नाही तिथेही तो खरा मानावा. वेदाबाबत ही उडी फार लांब पडते असे मला वाटते, कारण रोग बरा करणे आणि स्वर्ग मिळवून देणे यांतले ज्ञान एकच आहे हे आधी सिद्ध व्हायला हवे. पण चाकाबाबत उडी लहान आहे; ज्या कारखान्याला वजन आणि मापे सांभाळता येतात त्यालाच भट्टी आणि ओतकाम सांभाळता येण्याचा संभव असतो, दोन्हींमागे शिस्त एकच. तेव्हा दृष्टार्थ आधी तपासावा. पेटीवर साडेसहा किलो लिहिलेले चाक वाण्याच्या काट्यावर आठ भरले, तर थकव्याच्या चाचणीबद्दल त्याच पेटीवर लिहिलेल्या ओळीचे काय करायचे ते उघड आहे. हबच्या भोकाचे लिहिलेले माप कॅलिपरने मोजता येते. चारही चाकांच्या वजनांत फरक किती, बॅलन्सिंग यंत्रावर प्रत्येकाला किती शिसे लागते, हे दहा मिनिटांत कळते. चाकावर निर्मितीचा महिना, घाण्याचा क्रमांक, कारखान्याचे नाव आहे का तेही पाहावे. ज्याने स्वतःला शोधून काढता येईल अशी खूण ठेवली, त्याने निदान उत्तर द्यायची तयारी दाखवली.

लबाड माणूस दृष्टार्थ मुद्दाम चोख ठेवील आणि अदृष्टात फसवील, असे कोणी म्हणेल. ठेवील खरा. पण दृष्टार्थ चोख ठेवायलाही खर्च येतो, आणि नकली मालाचा सगळा नफा खर्च टाळण्यात असतो. म्हणून ही युक्ती अशक्य नसली तरी महागडी आहे. जिथे हेही पुरत नाही तिथे तिऱ्हाइताची साक्ष, म्हणजे त्रयस्थ प्रयोगशाळेचा त्या विशिष्ट मॉडेलचा आणि मापाचा अहवाल मागावा. तो मागितल्यावर दुकानदार रागावला तर तीही एक माहितीच. याउलट मीमांसक म्हणतील की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाध दिसेपर्यंत त्यावर शंका घेत बसणे हा रोग आहे. आपण पूल ओलांडताना त्याची गणिते मागत नाही, एसटीत बसताना चालकाचा परवाना पाहत नाही. हे अगदी खरे, आणि सामान्य व्यवहार चालतो तो याच बळावर. पण मीमांसकही एक अपवाद ठेवतात : कारणातला दोष ठाऊक असेल तर प्रामाण्य डळमळते. नकली शिक्के फिरतात हे जिथे दुकानापासून पंक्चरवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे, तिथे दोषाचे ज्ञान आधीच झालेले असते. शंका घेणारा संशयी ठरत नाही. उलट टोकाच्या संशयवाद्याला, म्हणजे "सगळेच शिक्के विकत मिळतात, कशाला पाहायचे" म्हणणाऱ्याला, उदयनाचार्यांचा 'न्यायकुसुमांजली'तला जबाब पुरे आहे : शंका तिथवरच टिकते जिथवर ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी भिडत नाही. कशावरच विश्वास नाही म्हणणारा त्याच चाकांवर मुलाबाळांना घेऊन द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने जातो. म्हणजे विश्वास त्याने ठेवलेलाच आहे. फक्त कोणावर ठेवला ते विचारलेले नाही.

एक आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. मोक्षासाठी घडवलेली शस्त्रे रिमच्या खरेदीला लावणे हा शास्त्राचा अवमान आहे, आणि शेवटी ज्याचे त्याचे आयुष्य ठरलेले, खड्डा निमित्तमात्र. पहिल्या भागाचे उत्तर वर आलेच आहे. आप्ताच्या लक्षणात म्लेच्छाला बसवणाऱ्या भाष्यकाराला चाकवाला खटकला नसता. दुसऱ्या भागात मात्र एक नैतिक चलाखी आहे. चाक तुटते तेव्हा गाडी समोरच्या लेनमध्ये जाते, आणि तिथे दुचाकीवर जो असतो त्याने ही चाके निवडलेली नसतात. स्वतःचे प्रारब्ध माणसाने खुशाल मानावे, दुसऱ्याचे परस्पर मानू नये. ज्याला ही सगळी चौकशी जड वाटते त्याच्यासाठी कंपनीने गाडीबरोबर दिलेली पोलादी डिस्क आणि वर प्लास्टिकचा व्हीलकॅप हा पर्याय आहे. दिसायला बेतास बात, पण पोलाद वाकून सांगते, आणि मोटार कंपनीने त्या चाकाबद्दल दिलेला शब्द त्याच गाडीबद्दलचा असतो. इथल्या जिल्हा रस्त्यांवर रोज फिरणाऱ्याने सतरा इंचाचा मोह सोडून पंधरावरच राहावे, असे माझे मत आहे. सौंदर्याचा हक्क मी नाकारत नाही. काळ्या चकाकत्या चाकांनी एखादी साधी गाडी खुलते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आप्तवाक्य मिळाल्यावरही त्याला हद्द असते, आणि ती ओलांडली की ते आप्तवाक्य उरत नाही. प्रयोगशाळेने चाक तपासले ते योग्य पीसीडीवर, म्हणजे नटांच्या वर्तुळाच्या मापावर, हबवर घट्ट बसवून, ठरावीक ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून बैठकीचे अंतर, धरून. हबचे भोक मोठे असताना मधली रिंग न घालता ते बसवले, किंवा निमुळत्या बैठकीच्या नटच्या जागी गोल बैठकीचे नट आवळले, तर तपासलेली वस्तू आणि रस्त्यावरची वस्तू वेगळ्या झाल्या. सर्वांत मोठी हद्द दुरुस्तीची. वाकलेली कड सरळ करून देणारी, तडकलेले रिम वेल्डिंगने जोडून वर रंग मारून देणारी गॅरेजे गावोगाव आहेत, आणि काही कामे सफाईदार होतात. पण टी ६ने आलेली ताकद उष्णतेनेच आलेली असते आणि उष्णतेनेच जाते. वेल्डिंगच्या आसपासचा पट्टा आणि गॅसच्या ज्वाळेने तापवलेली कड पूर्वीच्या बळाची राहत नाही. तरीही मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयएची अक्षरे जशीच्या तशी असतात, कमाल भाराचा आकडाही. जुन्या बाजारात असे चाक निम्म्या किमतीला मिळते आणि घेणारा अक्षरे दाखवून समाधान मानतो. ती अक्षरे ज्या चाकाबद्दल बोलत होती ते चाक भट्टीतून निघाले तसे होते. ज्वाळेखालून गेलेल्या या चाकाबद्दल बोलणारा एकटा वेल्डर आहे, आणि त्याने ते कुठे, किती भाराखाली, कोणाच्या देखत तपासले, एवढेच त्याला विचारायचे.